गिरणीचा घाम आणि आखाड्याचा घाम

व्यायामाने स्मरणशक्ती वाढते, हे वाक्य आता च्यवनप्राशाच्या डब्यावर छापावे इतके बिनधोक झाले आहे. डॉक्टर ते सांगतात, शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेले पाहुणे सांगतात, जिमवाले तर पावतीबरोबर देतात. सकाळी अर्धा तास चाला, म्हणजे चाव्या कुठे ठेवल्या ते आठवू लागेल, असा एकूण सूर. वाक्य खोटे नाही, उथळ आहे. त्या उथळपणाचा सर्वांत मोठा अन्याय होतो तो ज्यांचे शरीर आयुष्यभर हलतच राहिले अशा माणसांवर. परळ-भोईवाड्याच्या, नायगाव-लालबागच्या चाळींतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गिरणीत गेली. शरीर हलले की मेंदू तल्लख होतो एवढे सरळ गणित असते, तर साचेखात्यात, म्हणजे मागांवरच्या विणकामात, आयुष्य काढलेला कामगार म्हातारपणी या शहरातला सर्वांत तल्लख माणूस ठरायला हवा होता.

माझे म्हणणे असे की, मेंदूला घामाशी काही देणेघेणे नाही. हालचालीतून मेंदूचे भले होते ते तीन गोष्टी जुळल्या तर. पहिली, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना पुरेसे काम मिळावे आणि कामानंतर विसावाही. दुसरी, त्या हालचालीत शिकण्यासारखे काही असावे. तिसरी, ती माणसाने आपल्या वेळेत, आपल्या मर्जीने आणि शक्यतो चारचौघांत केलेली असावी. पहिली अट वैद्यकाची, दुसरी शिक्षणाची. तिसरी अट शहराने पुरी करायची असते, आणि तिच्याविषयी आरोग्याचे सल्ले चकार शब्द काढत नाहीत.

१. मेंदूत घडते काय

माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण निवांत बसलेल्या माणसाच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो, आणि स्वतःजवळ साठा म्हणून जवळपास काहीच ठेवत नाही. रक्त काही सेकंद थांबले की शुद्ध हरपते. तेव्हा मेंदूची प्रकृती ही आधी पुरवठ्याची बाब आहे, बाकी सगळे त्यानंतर. नवी आठवण पक्की करण्याचे काम ज्या भागाकडे आहे, त्या हिप्पोकॅम्पसला तर पुरवठ्यातली तूट विशेष सोसत नाही.

या भागाचा व्यायामाशी असलेला संबंध गेल्या तीस वर्षांत उलगडला. १९९५ साली कॅलिफोर्नियात कार्ल कॉटमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की, चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ नावाच्या प्रथिनाची निर्मिती वाढते. चेतापेशी जगवणे आणि त्यांच्यातले जोड घट्ट करणे हे या प्रथिनाचे काम. १९९९ साली हेन्रिएट फान प्राग, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्क संस्थेत पाहिले की, धावणाऱ्या उंदरांमध्ये नव्या चेतापेशी अधिक तयार होतात आणि शिकण्याच्या चाचण्यांतही ते पुढे राहतात. प्रौढ माणसात अशा नव्या पेशी तयार होतात की नाही यावर मात्र अजून भांडण आहे. २०१८ साली एका गटाने त्या सापडतच नाहीत असे सांगितले, तर दुसऱ्याने म्हातारपणापर्यंत त्या सापडतात असे. दोघांच्या हाती मुख्यतः मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे नमुने होते.

सर्वांत जास्त उद्धृत होतो तो कर्क एरिकसन यांचा २०११ चा प्रयोग. ५५ ते ८० वयाची १२० माणसे. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांपर्यंत भरभर चालायचे, निम्म्यांनी अंग ताणण्याचे हलके प्रकार करायचे. चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान २ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या गटाचे १.४ टक्क्यांनी घटले. वर्तमानपत्रांतून एवढेच येते. त्याच निबंधात पुढे असे आहे की, स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात ठळक फरक पडला नाही. चालणाऱ्यांपैकी ज्यांच्या मेंदूचा तो भाग अधिक वाढला त्यांची स्मृतीही अधिक सुधारली, इतका दुवा मिळाला. ही काही किरकोळ तळटीप नव्हे. मेंदूचा एक भाग भरला म्हणून आठवणी आपोआप येत नाहीत. त्या भागाला करायला काम द्यावे लागते.

२. स्मृती रक्तवाहिन्यांच्या वाटेने जाते

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत, असा अंदाज वृद्धांच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश म्हटले की अल्झायमर एवढेच आपल्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात म्हाताऱ्या मेंदूत बहुधा दोन-तीन बिघाड एकत्र नांदतात आणि रक्तवाहिन्यांचा बिघाड त्यात वारंवार असतो. बारीक वाहिन्या वर्षानुवर्षे चढ्या दाबाखाली राहून कडक होतात, त्यांच्यापलीकडच्या पेशी उपाशी राहतात.

अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत ९,३६१ जणांपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे ठरवले गेले. २०१९ साली मेंदूविषयीचा निकाल आला. स्मृती आणि विचारशक्ती किंचित ढासळण्याची जी पहिली पायरी असते, तिचे प्रमाण त्या गटात १९ टक्क्यांनी कमी निघाले. रक्तदाब उतरवला होता औषधांनी. व्यायाम या चाचणीत नव्हता, आणि म्हणूनच ती मला इथे महत्त्वाची वाटते. मेंदूला लाभ दाब उतरण्याचा झाला, तो कशाने उतरला याचे मेंदूला सोयरसुतक नाही. उच्च रक्तदाबाच्या माणसात नियमित चालण्या-पळण्याने वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो. व्यायामाचा मेंदूवरचा बराचसा उपकार हा असा, आडवाटेने पोचणारा आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. ती सगळी दूर झाली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब. त्यात शारीरिक निष्क्रियतेच्या वाट्याला किती? २ टक्के. ऐकू कमी येण्याच्या वाट्याला ७, वाईट कोलेस्टेरॉलच्या ७, बालपणीच्या अपुऱ्या शिक्षणाच्या ५, एकाकीपणाच्या ५, नैराश्याच्या ३, हवेच्या प्रदूषणाच्या ३. जिमवाल्यांनी ही यादी भिंतीवर लावू नये हे बरे! पण हे आकडे नीट वाचावे लागतात. व्यायामाचे पुण्य त्याच्या नावावर २ टक्के असले तरी रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, नैराश्य, एकाकीपणा या दुसऱ्यांच्या खात्यांतही ते थोडे थोडे जमा होत असते. मात्र एकाकीपणाच्या खात्यात ते पडणार कधी? व्यायाम चारचौघांत केला तरच. कानात यंत्र खुपसून, आरशासमोरच्या पट्ट्यावर एकट्याने धावणाऱ्याचे ते खाते कोरे.

३. धावणारे उंदीर आणि कसरत करणारे उंदीर

माझ्या मांडणीचा कणा असलेला प्रयोग १९९० चा आहे, आणि बीडीएनएफच्या गाजावाजात तो मागे पडला. इलिनॉय विद्यापीठात विल्यम ग्रीनो आणि सहकाऱ्यांनी प्रौढ उंदरांचे चार गट केले. एकाला पट्ट्यावर सक्तीने धावायला लावले. दुसऱ्याला चाक दिले, वाटेल तेव्हा धाव. तिसऱ्याला उंचावरच्या अडथळ्यांच्या वाटेवरून न्यायला सुरुवात केली, जिथे दोरी होती, डुगडुगणाऱ्या फळ्या होत्या आणि तोल सावरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. चौथा गट पिंजऱ्यात बसून. तीस दिवसांनी त्यांच्या लहान मेंदूचा एक भाग तपासला. धावणाऱ्या दोन्ही गटांत रक्ताच्या केशवाहिन्या दाट झाल्या होत्या. चेतापेशींमधले जोड वाढले होते ते कसरत करणाऱ्यांत, आणि त्यांनी तर धावणाऱ्यांच्या मानाने शरीराचे श्रम फारच थोडे केले होते.

श्रमाने पुरवठा वाढतो, शिकण्याने जोड वाढतात. दोन्ही हवेत, आणि एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

दोरी, तोल, उंची असे वर्णन वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उंदीर न येता मल्लखांब यावा. भोईवाड्याहून फार लांब नाही, दादरला शिवाजी पार्कच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, पु. ल. काळे गुरुजींनी ते १९२५ साली सुरू केले. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत याच परिसरात झाली, आणि या संस्थेचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपासून चालत आलेल्या या विद्येकडे आपण अंगाची लवचीकता म्हणून पाहतो. तिच्यात डोक्याचे काम किती आहे ते पाहत नाही. साध्या अढीपासून सुरुवात होते. मग तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, ताजवे. एक पकड सुटण्याआधी दुसरी कुठे बसणार हे ठाऊक हवे. खांब एरंडेलाने गुळगुळीत केलेला असतो, तिथे थांबून विचार करायला सवड नसते. संचातला क्रम आठवायचा, त्यात आपले शरीर उलटे असताना डावे-उजवे बदललेले असते, आणि खाली उभा असलेला उस्ताद शब्दांनी दुरुस्ती सांगत असतो. क्रम, दिशा आणि जागा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणे हे हिप्पोकॅम्पसचे घरचेच काम.

देशपांडे यांनी दादरच्या अंध मुलींच्या शाळेतल्या मुलींनाही मल्लखांब शिकवला. ज्या मुलीने खांबावरचा दुसरा माणूस कधी पाहिलेला नाही, तिला प्रत्येक पकड स्पर्शाने आणि बोलण्याने कळते आणि नंतर ती केवळ आठवणीवर करावी लागते. नक्कल करायला समोर काही नाही. व्यायाम आणि स्मृती यांची इतकी घट्ट वीण दुसरीकडे क्वचित दिसेल.

कबड्डीचे तसेच. चढाईला गेलेल्याच्या हाती ३० सेकंद असतात, दम धरलेला असतो आणि समोरच्या सातांपैकी डाव्या कोपऱ्यातला मागच्या वेळी घोट्याला आला होता की मांडीला, हे आठवत असेल तरच तो परत येतो. भरभर चालणे चांगलेच; पण रोज त्याच फुटपाथवरून त्याच वेळी चालणाऱ्याला दुसऱ्या महिन्यापासून शिकायला काही उरत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांवरील ४६९ जणांच्या पाहणीत (२००३) फुरसतीतल्या शारीरिक प्रकारांपैकी एकाचाच कमी स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसला, तो नृत्याचा. ताल, क्रम आणि जोडीदार सांभाळायचा असलेला प्रकार. आपल्याकडची लेझीम त्याच जातीची आहे, आणि तिला साधारण दहावीनंतर निवृत्त केले जाते.

दंडाची बेटकुळी या सगळ्यात कुठे बसते? थोडी बाजूला. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी तपासलेल्या १२ लाख तरुणांच्या नोंदींवरून २००९ साली निघालेला निष्कर्ष असा होता की, दमसास जितका चांगला तितकी बुद्धीच्या चाचणीतली कामगिरी चांगली, स्नायूंच्या ताकदीशी तिचा असा संबंध नाही. वयस्क स्त्रियांत वजने उचलण्याने एकाग्रता सुधारल्याचे प्रयोग पुढे झाले आहेत, तेव्हा वजने अगदीच निकालात काढू नयेत. आरशासाठी कमावलेले शरीर आणि मेंदूसाठी कमावलेले शरीर यांच्या पावत्या वेगळ्या, एवढेच.

४. साचेखात्यातला माणूस

आता मूळ प्रश्न. गिरणी कामगाराच्या वाट्याला श्रम होते, मग लाभ का नाही? याचे उत्तर थंड देशांतल्या दोन अभ्यासांनी अप्रत्यक्ष दिले आहे. कोपनहेगनमध्ये १९७० च्या दशकारंभी ४,७२१ पुरुष नोकरदारांची नोंद झाली आणि पुढे अनेक दशके त्यांचा मागोवा घेतला गेला. बैठे काम करणाऱ्यांच्या तुलनेत अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका ५५ टक्क्यांनी अधिक दिसला. नॉर्वेतल्या सुमारे ७,००० जणांच्या २०२३ च्या अभ्यासात, वयाच्या ३३ ते ६५ या काळात ज्यांचे काम सतत कष्टाचे राहिले त्यांच्यात म्हातारपणी विस्मरणाचे विकार अधिक आढळले. शरीर दोन्हीकडे हलत होते. मेंदूने मात्र दोन हालचालींना वेगळे भाव दिले.

माझ्या तीन अटी लावून पाहा. हृदयाला काम मिळाले, पण कसे? आठ तास यंत्राशी उभे राहणे, वाकणे, ओढणे. यात नाडी थोडी चढलेली राहते आणि उतरत नाही, रक्तदाब दिवसभर चढा राहतो. व्यायामात तो अर्धा तास चढतो आणि मग कित्येक तास नेहमीपेक्षा खाली राहतो. खरा लाभ त्या उतरण्यात आहे. शिकायला काय होते? साचा चालवणे हे कौशल्य आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते एकदा हाताला बसले की पुढची तीस वर्षे तेच. आणि मर्जी? पाळी भोंग्याने ठरायची, वेग यंत्राने ठरायचा, गैरहजर कामगाराच्या जागी लागणाऱ्या बदलीवाल्याला तर आज काम आहे की नाही हे गिरणीच्या दरवाजावर कळायचे. सततच्या ताणात स्रवणारे कॉर्टिसोल हिप्पोकॅम्पसला अपाय करते, हे स्मृतिशास्त्रातले जुने ज्ञान आहे.

त्यात साचेखात्याचा आवाज. शेकडो साचे एकदम धडधडत असताना माणसे हातवाऱ्यांनी बोलत. असा आवाज वर्षानुवर्षे ऐकलेल्या कानांना पुढे कमी ऐकू येते; आणि लॅन्सेटच्या यादीत ऐकू न येण्याला ७ टक्के आहेत, निष्क्रियतेला २. खात्यातल्या तंतूंनी फुफ्फुसे खराब होत ते आणखी वेगळे. गिरणी कामगाराच्या मेंदूला त्याच्या श्रमाने काही दिले असेल, तर त्याच गिरणीने ते दुसऱ्या हाताने सव्याज काढून घेतले.

म्हणून ‘पूर्वीची माणसे कष्ट करायची, त्यांना कुठे लागत होता व्यायाम?’ हा आपला लाडका उद्गार मला निर्दय वाटतो. त्यांना व्यायाम लागत होता, आणि तो त्यांनी मिळवलाही, पण गिरणीबाहेर. त्यासाठी आधी वेळ मिळवावा लागला. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. कायद्याने पुरुषांचा कामाचा दिवस १९११ साली १२ तासांवर आला, १९२२ साली आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ साली ५४ आणि १९४६ साली ४८. व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, भजनी मंडळे, १९११ साली स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळा आणि वाचनालये हे सगळे गिरणगाव उभे राहिले ते असे लढून मिळवलेल्या तासांवर. लोखंड्यांना मेंदूशास्त्राची गरज पडली नाही, पण तिसरी अट त्यांना नेमकी कळली होती.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप जाणकाराचा असेल: कष्टकऱ्यांत विस्मरण अधिक दिसते ते गरिबीने, कमी शिक्षणाने, कष्टाला का दोष? आक्षेपात तथ्य आहे. अशा अभ्यासांत शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब मांडला जातो, पण गरिबीचे सगळे धागे कोणत्याही सूत्रात पकडता येत नाहीत. माझ्या म्हणण्याला त्याने बाधा येत नाही. कष्टाने मेंदू बिघडतोच, असे मी म्हणत नाही. केवळ कष्टाने तो सावरत नाही, एवढे सिद्ध झाले तरी ‘हलत राहा’ हा सल्ला अपुरा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो लंडनच्या बसमधून येतो. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले की, दुमजली बसच्या चालकांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. कंडक्टर दिवसभर जिना चढे-उतरे, चालक बसून राही. मुंबईत १९३७ पासून दुमजली बस धावत आल्या आहेत, तेव्हा हे चित्र आपल्याला परके नाही. इथे तर नोकरीतल्याच श्रमाने लाभ झाला! खरे आहे. पण जिना चढणे हे हृदयाला मधूनमधून मिळणारे काम आहे, दोन थांब्यांमध्ये विसावा आहे, आणि दर मिनिटाला नवा माणूस समोर आहे. नोकरीतला प्रत्येक श्रम वाईट असे मी कुठे म्हटले? पहिली अट नोकरीत पुरी होत असेल तर उत्तमच. शिवाय मॉरिस प्रामाणिक होते. त्यांनी १९५६ साली गणवेशांची मापे तपासली आणि चालक नोकरीला लागतानाच कंबरेने मोठे होते, हे स्वतःच जाहीर केले. जिन्याचे थोडे श्रेय त्यामुळे कमी झाले.

तिसरा आक्षेप सगळ्या विषयाच्याच मुळावर घाव घालतो. २०२३ साली एका गटाने व्यायाम आणि आकलनशक्ती यांवरच्या २४ आढाव्यांचा, म्हणजे १०९ प्रयोगांचा आणि ११,००० हून अधिक माणसांचा, पुन्हा हिशेब केला. अनुकूल निकालच छापून येतात हा दोष वजा केल्यावर निरोगी माणसातला लाभ जवळपास पुसला गेला. इंग्लंडमधल्या १०,३०८ सरकारी नोकरांचा २८ वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासानेही २०१७ साली सांगितले की, मध्यमवयातल्या हालचालीचा पुढच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसत नाही. उलट रोगाच्या निदानाआधी नऊ वर्षांपासून माणसाची हालचाल कमी होऊ लागते. न चालल्याने विसरतो असे आपल्याला वाटते, तिथे काही वेळा विसरू लागल्याने चालणे सुटलेले असते.

हे निष्कर्ष मी मान्य करतो, आणि माझ्या मते ते उथळ विधानालाच मारक आहेत. या प्रयोगांतला ‘व्यायाम’ बहुतेक वेळा काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे पट्ट्यावरचे चालणे असतो. निरोगी, सुशिक्षित, पोट भरलेल्या माणसाला त्यात अर्धा तास अधिक घालून फार काही मिळणार नाही, हे अपेक्षितच आहे. उंदरांच्या प्रयोगांतही एक गोम आहे. तुलनेला घेतलेला उंदीर रिकाम्या पिंजऱ्यात बसलेला असतो, आणि ती आपण त्याची स्वाभाविक अवस्था धरतो. वास्तविक धावणारा उंदीरच स्वाभाविक आहे. प्रयोगात व्यायामाने मेंदू वाढल्याचे दिसत नसून कोंडल्याने तो किती खंगतो ते दिसते, असेही वाचता येईल. मला हेच वाचन पटते. ते मानले तर प्रश्न ‘किती व्यायाम करावा’ हा राहत नाही, ‘कोण कुठे कोंडला गेला आहे’ हा होतो.

शेवटचा आक्षेप पालकांचा. दहावीच्या वर्षी खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय. याला लोकमान्यांचे उदाहरण फेकून मारायची आपल्याकडे पद्धत आहे: टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले आणि तरी पुढे गणितात चमकले. एका असामान्य माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. ते वर्ष त्यांचे परीक्षेच्या दृष्टीने वायाही गेले होते. सरळ उत्तर असे की, शाळेच्या वेळापत्रकातला रोज तासभर वेळ शारीरिक शिक्षणाला दिला तरी गुण घटत नाहीत, हे वेगवेगळ्या देशांत पाहिले गेले आहे. नेदरलँड्समधल्या ७२ जणांच्या एका प्रयोगात (२०१६) पाठ केल्यावर चार तासांनी सायकल चालवणाऱ्यांना दोन दिवसांनंतर थोडे अधिक आठवले. लगेच चालवणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. एवढ्याशा प्रयोगावर वेळापत्रक बेतू नये. पण दुपारी अभ्यास आणि संध्याकाळी मैदान हा जुना क्रम मोडण्याचे कारण विज्ञानात नाही, एवढे म्हणता येते.

६. तिसरी अट कोण पुरी करणार

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्ववत झाले नाही. गेला तो पगार, हे सर्वांनी लिहिले. त्याबरोबर ठरलेली संध्याकाळही गेली, हे कमी लिहिले गेले. पाळी कितीही छळणारी असो, ती सुटण्याची वेळ नक्की होती. संघाचा सराव त्यावर बेतता येई. पुढे त्यातले अनेक जण बारा-बारा तासांच्या पहारेकऱ्याच्या नोकरीला लागले. तिथे श्रमही नाहीत, शिकणेही नाही आणि फुरसतही नाही. मेंदूच्या दृष्टीने याहून वाईट नोकरी योजून काढणे कठीण.

मग जमीन. मुंबईतल्या ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमाने तिचे साधारण तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, एक मालकाला. म्हणजे जवळजवळ २०० एकर बागा आणि मैदाने, तीही देशातल्या सर्वांत दाट वस्तीत. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल कायम केला. त्या जागांवर आज काय उभे आहे ते परळहून लोअर परळला जाणाऱ्या कोणालाही मान वर करून पाहता येते. त्यातल्या प्रत्येक मनोऱ्यात जिम आहे, हे विसरू नये!

नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि ती मिळालीच पाहिजेत. खोली लहान होती म्हणून माणसे बाहेर पटांगणात जगली, तेव्हा पटांगण हवे तर खोली लहान ठेवा, असे म्हणणारा माणूस त्या खोलीत राहिलेला नसतो. पण दोन चाळींमधल्या मोकळ्या पट्ट्याने जे काम केले, त्याला कोणत्याही आराखड्यात किंमत लावली गेली नाही. कबड्डीच्या मैदानाला १३ मीटर बाय १० मीटर जागा लागते. तिथे वर्गणी लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि सहावीतल्या मुलापासून गिरणीतल्या निवृत्त जॉबरपर्यंत, म्हणजे मुकादमापर्यंत, सगळे एकाच वेळी हजर असतात. म्हातारा खेळत नसला तरी गुण लक्षात ठेवतो आणि हुज्जत घालतो.

दादरच्या कोहिनूर गिरणीच्या जागेवरील बांधकामाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये म्हटले की, नियमाने सोडायची किमान करमणुकीची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमच्या छतावर चालणार नाही. बांधकाम व्यवसायाला हा निकाल जाचक वाटला आणि नियम पुढे पुन्हा ढिले करण्याच्या हालचाली झाल्या. पोडियमवर हिरवळ लावता येते, चालायची गोल वाटही काढता येते. माझ्या पहिल्या अटीपुरते ते पुरेसेही होईल. पण ती बाग सोसायटीच्या फाटकाआड असते, पहारेकरी नाव विचारतो, आणि शेजारच्या चाळीतला मुलगा वर जाऊ शकत नाही. सात जणांचा संघ एका इमारतीतून क्वचितच उभा राहतो.